अस्तर

ग्रीनॉकच्या कॉलेजात, मागच्या शेडमध्ये,
चौदा खोल्या आहेत ज्यांत कुणीच राहत नाही.
तीन भिंती, एक दार, एक खोटी खिडकी,
खिडकीपलीकडे पुन्हा भिंतच.
माझी खोली नऊ नंबरची.

मी अडतीसची. डावीकडे फर्गस, वय सतरा,
कानात कायम काहीतरी वाजत असलेला.
उजवीकडे मोराग,
वृद्धाश्रमातली रात्रपाळी सोडून आलेली.
अकरा वर्षं मी फोनवर माफी मागत होते
लोकांच्या विजेच्या बिलांसाठी.
इथे पहिल्याच दिवशी गोर्ली सरांनी हातात सँडपेपर दिला
आणि तीन आठवडे दुसरं काही दिलंच नाही.

"रंग म्हणजे पाहुणा," ते म्हणतात, "आधी घर आवरा."
भेगा उकरायच्या, लांबी भरायची, वाळू द्यायची,
घासायचं, मग डोळे मिटून पंजा फिरवायचा.
डोळ्यांना फसवता येतं, कातडीला नाही.
पांढरी धूळ केसांत, भुवयांत बसते.
संध्याकाळी बसमध्ये एक म्हातारी
उठून मला जागा देते.

मग अस्तर. मग पहिला हात. मग दुसरा.
हातच म्हणायचं त्याला,
पुसून टाकलं तरी कुणाचा तरी खाली उरतोच.

छतालगतची रेघ टेप न लावता ओढायची:
श्वास सोडताना ब्रश न्यायचा, घेताना थांबायचं.
जानेवारीत माझी रेघ प्यायलेली होती,
फेब्रुवारीत तिला नुसती सर्दी होती.
मार्चमध्ये एका मंगळवारी ती सरळ आली, चार फूट.
मी कुणाला सांगितलं नाही.
फर्गसने पाहिलं. एका कानातली वायर काढली,
काही बोलला नाही, परत घातली.

शुक्रवारी सर टॉर्च भिंतीला टेकवून धरतात.
तिरक्या उजेडात आपलं सगळं बाहेर येतं:
ओघळ, ब्रशचा अडकलेला केस,
आणि ती जागा, जिथे आपण मनात
कुणाशी तरी भांडत होतो.
मार्क लिहून होतात.
सोमवारी सगळं खरवडून काढायचं,
नव्या बॅचला कोरी भिंत लागते.
मोराग पहिल्यांदा रडलीच, "एवढं छान आलं होतं."
सर म्हणाले, "चहा घे,"
आणि खरवडायचा पत्रा तिच्या हातात ठेवला.

मे महिन्यात खऱ्या घरात पाठवलं, मला आणि फर्गसला.
बंदराकडची गल्ली, तिसरा मजला,
मिसेस डॅलग्लिश, वय एक्याऐंशी.
"पिवळा सोडून काहीही," एवढंच म्हणाल्या
आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

वाफ सोडून जुना कागद सोलला.
गुलाब. गुलाबांखाली तपकिरी पट्टे.
पट्ट्यांखाली जहाजं, शिडं फुगलेली.
आणि जहाजांखाली, उघड्या गिलाव्यावर,
शिसपेन्सिलीने, तिरकं:
'ह्यू आणि त्याचा पोऱ्या. नोव्हेंबर ५८.
मरणाची थंडी. बाई चहा देत नाहीत.'

मी दार वाजवलं. त्या चष्मा शोधायला गेल्या,
आल्या, वाचलं,
पुन्हा वाचलं, बोट अक्षरांवरून फिरवत.
"सासूबाई माझ्या," म्हणाल्या.
"खरंय. देत नसत."
आणि आत जाऊन किटली ठेवली.

आता ओळंबा खिळ्याला लटकतोय, हलायचा थांबलाय.
खळ लावून दुमडलेला कागद पाच मिनिटं मुरतोय.
तेवढ्यात मी कानामागची पेन्सिल काढते,
ह्यूच्या शेजारी जागा आहे:
'इश्बेल, फर्गस. मे. ऊन पडलंय.
चहा दोनदा. बिस्किटं, थोडी मऊ पडलेली.'

मग शिडीवर चढून कागद वरून सोडते.
अक्षरं जातात, आधी त्याची, मग आमची.
खालून फर्गस, दोन्ही कान मोकळे,
"इश्बेल, केसभर डावीकडे,"
म्हणतो. "नाही, तुझा केस नको,
माझा."