सहाशे चौदा फॉन्ट

बटण दाबायचं आणि तूर निवडायला बसायचं.
तूर संपली की पडदा निळा व्हायचा,
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला बाण हलायचा.
चिंचपोकळीच्या या खोलीत
एकोणतीस वर्षं मी लग्नपत्रिका जुळवते,
त्यातली शेवटची दोन
त्या फिरत्या चकतीकडे बघण्यात गेली.

"मावशी, फेकू नका. दम आहे यात अजून."
हर्षल. दुसऱ्या मजल्यावरचा, जगुष्टेंचा,
स्क्रू दातांत धरून बोलणारा.
लॅमिंग्टन रोडला छेडांच्या दुकानातून
त्यानं पत्त्यांच्या कॅटाएवढी नवी डिस्क आणली,
आणि रॅमची एक पट्टी, जुनीच,
पण "घरातली वापरलेली" असं छेडांनी शपथेवर सांगितलेली.

गॅलरीत नेऊन डबा उघडला.
पंख्याच्या पात्यांवर सोनेरी चमकी,
पत्रिकांवरच्या गणपतींची उडालेली.
पालीचं एक रिकामं अंडं.
एक तांदूळ. तो कसा गेला आत, देव जाणे.
रंगाच्या ब्रशनं त्यानं सगळं झाडलं,
खाली वाळत घातलेल्या चादरींवर पडलं,
तळमजल्यावरून साळसकरीण ओरडली.

मग म्हणाला, "सहाशे चौदा फॉन्ट!
सकाळी या प्रत्येकाला हाक मारून उठवतो हा बिचारा."
मी खुर्ची ओढली. काढ म्हटलं, मी सांगते तसे.
हा काढ, याच्या ज्ञचं पोट फुटतं.
हा काढ, याचा रफार शेजारणीच्या डोक्यावर बसतो,
आयुष्यभर मी तो बोटानं धरून जागेवर आणला.
हा राहू दे, मुंजीला लागतो.
हा फक्त "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं"साठी.
राहू दे. नको, काढ. आता काकाच कुठे असतात,
एकुलत्या एकांची लग्नं सगळी.
हा गिरगावातून फ्लॉपीवर उधार आणलेला.
ज्यानं दिला तोही गेला. काढ.

दुपारपर्यंत एकशे नव्वद उरले.
यंत्र सुरू केलं. एकोणीस सेकंद.
मी तुरीचं ताट हातात घेऊन उभीच.

"टेस्ट करू एखादी जुनी फाईल," म्हणत तो खाली खाली गेला,
नव्व्याण्णव सालात, आणि थांबला.
"अरे! जगुष्टे फायनल दोन. आमचंच आडनाव!"

पूर्वी ही फाईल उघडायला पाच मिनिटं लागायची.
पाच मिनिटांत मी चहा सांडला असता,
वायर ओढली असती,
दुसरे कोणी जगुष्टे जन्माला घातले असते.
त्यानं क्लिक केलं आणि ती उघडली.
उघडलीच लगेच, मेली.

वराचं नाव त्याच्या बापाचं होतं.
वधूचं त्याच्या आईचं नव्हतं.
तीनशे छापल्या होत्या. हळदीच्या आठ दिवस आधी
कोणी तरी येऊन म्हणालं, राहू द्या, मोडलं.
का ते मी विचारलं नाही. जिन्यात कळलंच.

पडद्यावर कंस होते, डॉलर होते,
टोपी घातलेले ए, उलटी प्रश्नचिन्हं,
आणि मधोमध धडधाकट एक गणपती.
"हे काय मावशी, मंगळावरचं लग्न?"
तो हसत सुटला.
अकरा वाजता काढलेला तो रफारवाला,
आयुष्यभर छळून शेवटी कामी आला.

"जुनं आहे. काढून टाक."
त्यानं काढलं. कचऱ्यातूनही.
त्या फॉन्टची सीडी कपाटात आहे, बांगड्यांच्या पेटीखाली.
ते मी बोलले नाही.

चारशे मागितले. मी नऊशे दिले.
"जास्त आहेत, मावशी."
"जुना हिशेब आहे. ठेव."
"कसला?"
त्या वेळचा पाचशेचा ॲडव्हान्स
परत न्यायला कोणी फिरकलंच नव्हतं.
"तुझ्या रॅमचा," म्हटलं,
आणि उद्याच्या साखरपुड्याचं नाव टाइप करायला बसले.
वधू प्रज्ञा.
ज्ञ अजून फुटतोच.