उलटी बाजू

फर शिवायची ती उलट्या बाजूनं.
मऊपणा खाली, फळीकडे तोंड करून;
वर राहतं ते कातडं,
ओलं, कागदासारखं फिकं.
त्यावर माझी निळी पेन्सिल चालते.
कास्तोरियात चाळीस वर्षं मी एवढंच पाहिलं.

आमच्या गावात पंजेसुद्धा वाया जात नसत.
परदेशातून पोती यायची :
पंजे, शेपट्यांची टोकं, गळ्याखालची चतकोरं.
आम्ही बायका त्यांतून अख्खा कोट उभा करायचो,
बोटाएवढ्या तुकड्याला तुकडा.
सांधा दिसला तर मजुरी कापली जायची.
डोम्नाच्या मुलाचं शिक्षण, माझे दात,
छपराची कौलं, सगळं त्या सुईतून ओवून आलं.
हे मी नाकारत नाही.

पुढे अख्खी कातडी येऊ लागली.
एका कोटाला पन्नास मिंक, कधी साठ.
थ्रासोस प्रतवारी करायचा : उजेडात धरायचा, फुंकर मारायचा,
केस दुभंगायचे, पुन्हा मिटायचे.
एक गठ्ठा त्यानं बाजूला फेकला.
"चावलेला माल. अर्ध्या भावात."
कोणी चावलं?
"त्यांनीच. स्वतःला. पिंजऱ्यात करतात तसं."
आणि पुढचं कातडं उचललं.

तो गठ्ठा माझ्याकडेच आला,
चावा झाकण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.
शेपटीच्या बुडाशी, मांडीवर
गुळगुळीत, बिनकेसांचे वण,
जुन्यावर नवा.
बरं व्हायचं, पुन्हा तिथंच.
एवढ्याला किती दिवस लागले असतील?
मी पाचरीसारखा तुकडा कापून काढला,
कडा जुळवल्या, शिवलं, सुलटं केलं.
काही झालंच नव्हतं.
त्या रात्री पहिल्यांदा वाटलं,
सांधा दिसायला हवा होता.

मग एका जानेवारीत, तळ्याच्या काठी,
धुक्यात स्वतःची काठी दिसत नव्हती तेव्हा,
लव्हाळ्यातून एक निघाला.
कुठल्या शेडमधून निसटलेला,
की निसटलेल्याचा पणतू, कोण जाणे.
चाळीस वर्षांत मी मिंक पाहिलाच नव्हता,
म्हणजे आत कोणी असलेला.
पाण्यात शिरला तशी एक रेघ उमटली,
माझ्या पेन्सिलीला न जमलेली.
बाहेर आला तो पाणकोंबडी धरून,
तिचा एक पाय अजून हलत होता.
गरीब नव्हता तो. गोंडस तर मुळीच नव्हता.
उधारीवाल्याकडे दुकानदार पाहतो तसं
माझ्याकडे पाहिलं
आणि अंग झाडलं.
थेंब माझ्या चष्म्यावर आले.
तो मात्र कोरडा.
केस कशासाठी असतात ते
मला साठाव्या वर्षी कळलं.

तुम्ही आरशासमोर उभ्या आहात, बाई.
कोट तुम्हाला शोभतो, खोटं का बोलू?
थंडी आहे म्हणता. थंडी मलाही वाजते,
मी लोकरीचं जाकीट घालते, त्यावर दुसरं.
कागदपत्रं आहेत म्हणता. असतील,
गॅसच्या पेटीलाही शिक्का असतो.
आणि मेलेलेच आहेत ना आता, म्हणता.
हो, हे मेले.
पण तुम्ही पैसे मोजाल
ते पुढच्या नोव्हेंबरसाठी.
आज ज्यांचे डोळेही उघडले नाहीत
त्यांची मापं तुमच्या पावतीवर आहेत.

थ्रासोस मागच्या खोलीत आहे, म्हणून हळू बोलते.
डाव्या बाहीपाशी अस्तर
मी कच्च्या टाक्यांनीच घातलंय.
गेल्या वर्षीपासून सगळ्याच कोटांना.
दोरा खूप मऊ आहे.
ओढा.