पंचवीस फिल्सचं हरीण

"पिशवी हवी का? पंचवीस फिल्स पडतील."
हे वाक्य मी दिवसाला तीनशे वेळा म्हणते,
शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीत,
चार नंबरच्या गल्ल्यावर.
नियम कुणी केला मला ठाऊक नाही.
शिव्या मात्र माझ्या नावावर जमा होतात.

परवा एक बाई म्हणाल्या,
काकडीला प्लास्टिक, सोललेल्या लसणाला प्लास्टिक,
केळ्याला देवानं साल दिलंय, त्यालाही प्लास्टिक,
आणि हे सगळं घरी नेणाऱ्या पिशवीनंच तेवढी
पृथ्वी बुडते होय गं?
मी हसले.
हसणं पगारात धरलेलं आहे.

मुकबुल बांधकामावरून येतो.
सहा अंडी, दोन कांदे, मसूर.
पंचवीस फिल्स ऐकलं की हेल्मेट उतरवतो,
उलटं धरतो,
आणि घामेजल्या पट्ट्यावर एकेक अंडं ठेवतो,
खुडूक कोंबडीच्या काळजीनं.
नाण्यावर हरीण असतं.
ते हरीण परत त्याच्या खिशात जातं.
काही वाचलंच असेल, तर ते तेवढ्यात वाचलं.
अहवालात ते येणार नाही.

गुरुवारी तपासनीस आले.
पिशवीची जाडी मोजायचं चिमट्यासारखं यंत्र,
पांढरे हातमोजे.
बाहेर त्यांची गाडी चालू होती,
आत माणूस नाही,
नुसता गारवा बसलेला मागच्या सीटवर
पस्तीस मिनिटं.
मी घड्याळ लावलं होतं.
पिशवी पातळ निघाली, दुकानाला दंड झाला.
आई याला म्हणते,
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

आई गुहागरला दुधाच्या पिशव्या
कोपरा कापून, उलट्या करून धुते,
ओट्याच्या फरशांवर चिकटवून वाळवते.
शंभर भरल्या की भंगारवाल्याशी
अर्धा तास घासाघीस.
तिला कुणी पत्रक दिलं नव्हतं.
आणि त्या पैशांतून ती काय घेते?
आणखी दूध.

आमच्या खोलीत पाच जणी.
बाल्कनी आहे,
पण तिथे ओढणी वाळत घालायची नाही,
शहर वाईट दिसतं.
बाहेर सेहेचाळीस अंशांचं ऊन फुकट सांडलेलं
आणि आत ड्रायर दोन तास गुरगुरतो.
त्याच्यावर इमारतवाल्यांचा कागद: वीज वाचवा.
रोझलिननं त्याच खिळ्याला
आपला केसांचा ब्रश अडकवलाय.

तर असं सगळं होतं
आणि माझं मत पक्कं होतं.

मग ईदच्या सुट्टीत आम्ही
अजमानच्या तिवरांकडे गेलो.
ओहोटी होती. चिखलाला आमच्या खाडीचाच वास.
मी जरा वेळ कुणाशी बोलले नाही.
मुळ्यांच्या जाळीत एक निळी पिशवी अडकलेली,
आमच्याच दुकानाची, जुनी,
फुकटच्या दिवसांतली.
तोंडाला गाठ:
दोन कान, एक वेढा, शेंडा आत.
ही गाठ मी मारते.
बाकीच्या नुसता पीळ देतात, रोझलिनला विचारा.
कुणाला दिली होती, काय होतं आत,
मासळी की कुणाच्या लेकराची बिस्किटं?
आता आत एक खेकडा होता, नखाएवढा.
कुठल्याशा भोकातून शिरला असेल,
तेच भोक त्याला परत सापडलं नसेल.
गाठ मात्र जशीच्या तशी.
मी गाठ चांगली मारते.

अजूनही मला ते पंचवीस फिल्स पटलेले नाहीत.
त्या गाडीचं तर मुळीच नाही.
भेटले तर तोंडावर सांगेन.

पिशवी मी आणली, खेकडा तिथेच ठेवला.
बेसिनमध्ये दोनदा धुतली
आणि बाल्कनीच्या दारात येऊन थांबले,
निथळती पिशवी हातात,
समोर एवढं मोठं ऊन,
आणि इथे वाळत घातलं तर दंड किती
ते काही केल्या आठवेना.