बादली

ऑक्टोबरात मोजून चाळीस कंद पुरले.
वर कोंबड्यांची जाळी, जाळीवर विटा,
विटांवर लेकीनं तालिनहून पाठवलेलं तिखट.
खारीनं सगळं
पत्राचं पाकीट फोडावं तसं फोडलं.

डॅफोडिलला हरणं तोंड लावत नाहीत,
विष असतं त्यात. तेवढे राहिले.
ट्यूलिपचे कोंब मात्र बर्फ विरघळताच
कात्रीनं कापल्यासारखे.
चिखलात खुरांचे ठसे: दोन मोठे, एक लहान.
शिव्या मी मोठ्यांनाच दिल्या.

मग कुंपणापलीकडे,
एंडेलच्या बटाट्यांच्या वाफ्यात
तीन जांभळे क्रोकस, वेडेवाकडे.
माझेच.
पाकळीवरची ती पांढरी रेघ ओळखते मी.

विहिरीवरून नऊ वर्षं आम्ही बोलत नाही.

त्यानं वाफा खणत आणला
आणि वीतभर अलीकडे फावडं थांबवलं.
रात्री सशाच्या भीतीनं
त्यांच्यावर बादली पालथी घालतो,
सकाळी दूध तापायच्या आत उचलतो.
मी काही बघत नाही.
खिडकीची काच पुसायची असते, एवढंच.

आज दहा वाजून गेले,
ऊन पार समुद्रापर्यंत पोचलं,
बादली अजून पालथीच.

धुराडंही गार.

माझा डावा बूट कुठे गेला?