हिरवी शाई

अप्पा बळवंत चौकात, जिन्याखालच्या माझ्या डीटीपीत
वेताळ टेकडीचं रजिस्टर आलंय टाइप करायला.
अकरा वर्षं चौकीतल्या खिळ्याला टांगलेलं;
ज्याला जे दिसलं, ते त्यानं लिहिलं.

‘खाणीपाशी शिंजिराचं घरटं. – शमीम तांबोळी’
खाली बारीक, तिरकं अक्षर:
‘घरटं नाही, घरटी. दोन. – द. वि. खळदकर’
त्याखाली हिरव्या शाईत:
‘आज एकच उरलंय.’
सही नाही.

प्रकाशक म्हणाले, नावं गाळा,
आठ पानं वाचतील.
टेकडी काय कुणाच्या बापाची आहे?

टेकडी नाही, साहेब.
पण उन्हात थांबून, चष्मा पुसून,
परत मोजून ‘दोन’ लिहिणं
हे कुणाचं तरी आहे.

मी नावं ठेवली.
(पुण्यात हे काम तसं सगळ्यांनाच जमतं.)
खळदकरांची दुरुस्तीसुद्धा
शमीमच्या ओळीत मिसळली नाही,
भांडण होतं तसं छापायला लावलं.

राहिली हिरवी शाई.
चौकीवरचा भिसे म्हणाला,
एक गृहस्थ यायचे काठी टेकत,
पेन घरून आणायचे.
दोन पावसाळे झाले, आले नाहीत.
नाव? कधी विचारलंच नाही, ताई.

शेवटच्या पानावर, ‘ह’मध्ये, घातलंय:
हिरवी शाई – एकोणचाळीस नोंदी.
परवानगी कुणाकडे मागू कळेना,
म्हणून पुढे बोटभर जागा
कोरी सोडली आहे.
प्रूफात दोनदा भरून काढली त्यांनी.
दोनदा परत सोडली.