एक जानेवारी

सुकलालमामानं सुरतहून आणलेला कॅमेरा,
साबणाच्या वडीएवढा.
सेल संपले की भिंतीवरच्या घड्याळाचे काढायचो.
घड्याळ सव्वाचारला थांबून राही,
आणि कॅमेरा दर वेळी तारीख विसरे.

सावद्याला भारंबेंच्या दुकानात
वायर जोडली. हिरवी पट्टी सरकू लागली
लाइट जायच्या आत.

सगळं एकाच दिवशी घडलेलं:
मळ्यातलं भरीत, पऱ्हाट्यांचा धूर,
पुलाला टेकलेली तापी,
केळीच्या घडाला टेप लावून उभा डिगंबर,
निर्मलाची हळद
आणि त्याच दिवशी
दोन दात आलेलं निर्मलाचं पोर.

“तारखेनं लावू का भो?”
राहू दे म्हटलं.

एक फोटो नुसता काळा.
पोरगा पुसायला निघाला, मी माउस धरला.
“नको रे” म्हणत आबांनी
भिंगावर ठेवलेला तळहात आहे तो.
नीट बघ, कडेला लालसर उजेड दिसतो.
त्यानं मान वाकडी करून पाहिलं.
दिसला की नाही, बोलला नाही.

पंधरा रुपये घेतले.
सीडीवर मार्करनं लिहून दिलं:
१ जाने., केळी वगैरे.