एक भोक जास्त

लक्ष्मव्वाच्या लेकीनं गुहागरहून फोटो पाठवला:
समुद्राकाठचं गाव, दारोदारी कुंड्या,
गडग्यावर जास्वंद, बाकड्यांना निळा रंग.
लक्ष्मव्वानं मोबाईल सुपात टेकवला, तंबाखूला लागून,
आम्ही सातजणी बघत राहिलो,
बोटं तेवढी पानं कापत होती.
"त्यांच्याकडं समुद्र हाय की," काशीबाई म्हणाली.
"आपल्याकडं काय?"

आपल्याकडं तळं.
मार्चपासून ते मागं सरकतं,
उधारी मागायला कुणी आल्यासारखं.
मागं राहतो तडकलेला गाळ,
गुटख्याच्या पुड्या, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या
आणि एक चप्पल.
जोड कधीच सापडत नाही.

पहिल्या रविवारी आम्ही एकोणीस जण होतो.
तिसऱ्या रविवारी चार.
त्यातलं एक काशीबाईचं नातवंड, ते मोजायचं का
यावर वाद झाला.

मग शब्बीर नदाफनं टँकर आणून लावला.
"तळाशी उरतंय तेवढं तुमचं," म्हणाला,
"रस्त्यावर सांडण्यापेक्षा."
डाईंगवाल्यांनी रंगाचे रिकामे पिंप दिले.
आम्ही ते तीन-तीनदा विसळले,
ओघळ गुलाबी गेला, मग जांभळा, मग कसलाच नाही.
पोरांना वाटलं, फुलं आता त्याच रंगाची येणार.
आम्ही काही बोललो नाही.

आणि येमुलमामा आले, काखेत गुंडाळी.
चाळीस वर्षं त्यांनी जकार्डची कार्डं पंच केली:
भोक असेल तिथं धागा उठतो, नसेल तिथं बसतो.
एक भोक चुकलं
की हजार चादरींवर तेच कमळ चुकतं.
गोंदियात, गुलबर्ग्यात, कुणाकुणाच्या पायथ्याशी
त्यांची कमळं घडी घालून ठेवलेली असतील.
मातीतलं फूल मात्र त्यांनी कधी लावलं नव्हतं.

काठावर त्यांनी आलेखाचा कागद पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड.
एक चौकोन, एक रोप.
झेंडू, झेंडू, सदाफुली, झेंडू.
आम्ही सुतळ्या बांधल्या, वीतवीत मोजली,
लक्ष्मव्वा तेलुगूत पुटपुटली, विडीला सुद्धा एवढं माप नसतं.

मेमध्ये पारा त्रेचाळीसवर गेला.
सदाफुली तगली, ती तगतेच.
झेंडूच्या दोन ओळी शेळ्यांनी नेल्या,
आणि शेळ्या कुणाच्या ते सगळ्यांना ठाऊक असून
सगळ्यांनी आभाळाकडं बघितलं.
मामा रोज संध्याकाळी येऊन
कागदावरचे चौकोन खोडत.
खोडरबराचा भुगा फुंकून टाकत तळ्याकडं.

पुढं श्रावणात कधीतरी
दोन ओळींच्या मधोमध, जिथं काहीच नको होतं,
एक तेरडा वर आला.
कुणी पेरला नव्हता. दगड सारून, जरा वाकडा,
टोकाला एकच फूल, ओठ चावल्यासारखं लाल.
"चूक आहे," मामा म्हणाले, आणि खाली वाकले.
त्यांना वाकायला वेळ लागतो.
तेवढ्या वेळात काशीबाईचं नातवंड
रोपाच्या आड जाऊन उभं राहिलं. अनवाणी. हात पसरून.

मामांनी त्याच्याकडं बघितलं.
मग फुलाकडं.
मग सदऱ्याच्या खिशातनं जुना पंच काढला, लोखंडी,
अंगठ्याच्या जागी घासून चकचकीत झालेला.
तो अजून त्यांच्या खिशात असतो
हे आम्हाला माहीत नव्हतं.
कागद उलगडला, रिकामा चौकोन शोधला,
आणि टक्‌.

एवढासा कागदी ठिपका पडला, वाऱ्यानं गेला.

"नळ कुणी चालू ठेवलाय?" ते ओरडले मग,
आणि आम्ही सगळ्याच एकदम नळाकडं पळालो.